शहाण्यांनी रचलेली जादू



हडकुळ्या घोड्यावर बसून पवनचक्क्यांवर चाल करून जाणारा डॉन किहोते सगळ्यांच्या ओळखीचा आहे. ज्यांनी ती कादंबरी कधी उघडली नाही त्यांनाही हा प्रसंग ठाऊक असतो. मूळ पुस्तकात तो पहिल्या भागाच्या आठव्या प्रकरणात येतो आणि दोनेक पानांत आटोपतो. दोन्ही भाग मिळून प्रकरणं मात्र १२६ आहेत. त्या दोन पानांवरून आपण एक समजूत करून घेतली आहे: एक वेडा माणूस, त्याला भलतंच काही दिसतं आणि सभोवतालचे शहाणे लोक त्याला सांगत राहतात की बाबा रे, हे खरं नाही. माझं म्हणणं असं आहे की कादंबरी पुढे जाते तसं हे चित्र बरोबर उलटं होतं. वेड्याचे डोळे निवळत जातात आणि खोटं रचण्याचं काम शहाणे आपल्याकडे घेतात. सर्व्हान्तेसचा उपहास शेवटी कुणावर उलटतो, ते या उलटापालटीत कळतं.

आधी हा लेखक कोण होता ते पाहू. मिगेल दे सर्व्हान्तेसचा जन्म १५४७ चा, माद्रिदजवळच्या अल्काला दे एनारेस गावचा. बाप शस्त्रक्रिया करणारा वैदू, कर्जात बुडालेला. १५७१ साली लेपान्तोच्या आरमारी लढाईत मिगेल तापाने फणफणलेला असूनही लढला, छातीत गोळ्या लागल्या आणि डावा हात कायमचा निकामी झाला. चार वर्षांनी मायदेशी परतताना चाच्यांनी जहाज पकडलं. पाच वर्षं तो अल्जिअर्समध्ये गुलाम होता. चार वेळा पळून जायचा प्रयत्न केला, चारही वेळा फसला. शेवटी १५८० मध्ये ५०० एस्कुदो खंडणी भरून पाद्र्यांनी त्याला सोडवलं. एवढा पराक्रम गाठीशी असलेल्या माणसाला स्पेनने कोणतं काम दिलं? इंग्लंडवर चालून जाणाऱ्या आरमारासाठी आंदालुसियाच्या खेड्यापाड्यांतून गहू आणि तेल गोळा करण्याचं. शेतकरी शिव्या देत. चर्चचा गहू जप्त केला म्हणून त्याला धर्मबहिष्कृत करण्यात आलं. पुढे करवसुलीच्या हिशेबात घोळ झाला आणि १५९७ मध्ये त्याला सेव्हिलच्या तुरुंगात जावं लागलं. हे पुस्तक एका तुरुंगात जन्मलं असं तो प्रस्तावनेत सुचवतो.

हा गव्हाचा हिशेब लक्षात ठेवा, कारण कादंबरीतलं वास्तव बहुतेक वेळा रोकड्या नाण्याच्या रूपात येतं. सराय म्हणजे किल्ला आणि सरायवाला म्हणजे किल्लेदार असं मानून बसलेल्या डॉन किहोतेला तो सरायवाला विचारतो, पैसे आणलेत का? कुठल्याच पुस्तकात सरदार पैसे बाळगतात असं लिहिलेलं नाही, असं त्याचं उत्तर. सरायवाला समजावतो, लिहिलं नसेल, पण पैसे आणि धुतलेले सदरे जवळ असायचेच, ते काय लिहायला हवं? दुसऱ्या भागात कळसूत्री बाहुल्यांचा खेळ बघताना डॉन किहोते तलवार उपसून बाहुल्यांचीच खांडोळी करतो. नंतर तो शांतपणे बसून एकेका बाहुलीची नुकसानभरपाई ठरवतो आणि चुकती करतो. सगळे मिळून पावणेएक्केचाळीस रेआल होतात. वेडा माणूस भरपाई देतो, हे मला त्या खेळाइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आता त्याचं वेड. ला मांचाच्या एका गावात राहणारा, पन्नाशीला टेकलेला हा खालच्या दर्जाचा जमीनदार. घरात चाळिशी ओलांडलेली कामवाली बाई आणि विशीच्या आतली भाची. मिळकतीतला तीन-चतुर्थांश भाग जेवणाखाण्यावर जायचा. वीरकथांची पुस्तकं विकत घेण्यासाठी त्याने पेरणीची जमीन विकली. रात्र रात्र वाचून झोप उडाली, मेंदू सुकला आणि बुद्धी गेली, असं सर्व्हान्तेस लिहितो. हा निव्वळ विनोद नव्हता. शरीरातल्या रसांचं प्रमाण बिघडलं की बुद्धी कशी पालटते, याची तपशीलवार मांडणी हुआन हुआर्ते या वैद्याने १५७५ च्या ग्रंथात केली होती. उष्ण आणि कोरड्या प्रकृतीचा माणूस कल्पक आणि भडक डोक्याचा असतो, हे त्या काळचं वैद्यकशास्त्रच होतं.

पण मला वैद्यकापेक्षा पहिल्याच प्रकरणातला एक छोटा प्रसंग जास्त मोलाचा वाटतो. पणजोबांच्या वेळची गंजलेली चिलखतं तो घासूनपुसून काढतो. शिरस्त्राण मिळतं, पण ते साधं, चेहऱ्यावरची जाळी नसलेलं. मग तो पुठ्ठ्याची जाळी करून त्याला जोडतो. आठवडाभर खपतो. ती टिकेल का हे बघायला तलवार काढून दोन घाव घालतो आणि पहिल्याच घावात आठवड्याची मेहनत मातीला मिळते. तो पुन्हा बसतो, आतून लोखंडी पट्ट्या लावतो, जाळी नव्याने तयार करतो. आणि या खेपेला तिची परीक्षा न घेताच ती उत्तम आहे असं ठरवून टाकतो.

श्रोतेहो, ज्याला काहीच कळत नाही असा माणूस परीक्षा का टाळील? दुसरा घाव घातला तर काय होईल, हे त्याला पुरतं ठाऊक आहे. वेडाचा आरंभ इथे आहे, एका निर्णयात. पुढे सिएरा मोरेनाच्या डोंगरात त्याचा सेवक सान्चो पान्सा त्याला म्हणतो, तुमची प्रियतमा दुल्सिनेआ म्हणजे आल्दोन्सा लोरेन्सोच ना, मी ओळखतो तिला, चांगली धट्टीकट्टी पोर आहे. डॉन किहोते नाकबूल करत नाही. ती कोण आहे हे त्याला माहीत आहे, पण आपल्याला तिच्यात जे मानायचं आहे ते मानणं आपल्याला पुरेसं आहे, असं तो सांगतो. त्याने डोळे उघडे ठेवून एक गोष्ट पत्करलेली आहे.

ज्या वीरकथांची सर्व्हान्तेस टर उडवतो त्यांचं वजन आज आपल्या लक्षात येत नाही. ‘अमादिस दे गाउला’ १५०८ मध्ये छापून आला आणि शतकभर त्याचे वंशज निघत राहिले. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया प्रांताचं नाव या मालिकेतल्या एका पुस्तकातल्या काल्पनिक बेटावरून आलं. संत तेरेसाने तरुणपणी ही पुस्तकं अधाशासारखी वाचल्याचं स्वतः लिहून ठेवलं आहे. आणि ही पुस्तकं वाचता येणाऱ्यांपुरतीच नव्हती. हुआन पालोमेके नावाचा सरायवाला सांगतो की सुगीच्या दिवसांत कापणीवाले सरायीत जमतात, त्यांच्यात एखादा वाचता येणारा असतोच, तो पुस्तक हातात घेतो आणि तीसएक माणसं भोवती बसून ऐकतात. डॉन किहोतेच्या गावचा पाद्री त्याला समजावतो की हे सगळं खोटं आहे, असले वीर कधी झालेच नाहीत. सरायवाला उसळून विचारतो, राजाच्या मंत्रिमंडळाच्या परवान्याने छापलेली पुस्तकं खोटी कशी असतील? एवढ्या थोर लोकांनी एवढं खोटं छापू दिलं असतं का?

याच्यावर हसण्याआधी ‘डॉन किहोते’चीच सुरुवातीची पानं पाहावीत. १६०५ च्या जानेवारीत माद्रिदमध्ये निघालेल्या पहिल्या आवृत्तीत राजाचा परवाना छापलेला आहे आणि सरकारने ठरवून दिलेली किंमतही. ८३ ताव, तावाला साडेतीन मारावेदी, म्हणजे एकूण दोनशे साडेनव्वद मारावेदी. त्याच सरकारी मोहरेखाली सर्व्हान्तेस आपली कल्पित गोष्ट सांगतो आहे. छापलेल्यावर विश्वास ठेवणारा सरायवाला आणि परवाना दाखवून विकलं जाणारं पुस्तक, दोघांना त्याने एकाच दोरीत बांधलं. उपहासाचं एक टोक असं स्वतःच्या पुस्तकाकडेच वळवायला मोठं धैर्य लागतं.

दुसरं टोक नायकाच्या चांगुलपणाकडे वळतं. पहिल्याच फेरीत त्याला रानात एक पंधरा वर्षांचा पोरगा झाडाला बांधलेला दिसतो. मालक त्याला पट्ट्याने झोडपतो आहे. आन्द्रेस त्याचं नाव. महिना सात रेआलप्रमाणे नऊ महिन्यांचा पगार थकला आहे. डॉन किहोते हिशेब करतो, पैसे देण्याची शपथ मालकाकडून घेतो आणि समाधानाने निघून जातो. हिशेब ६३ चा व्हायला हवा, पण पहिल्या आवृत्तीत ७३ छापलेत. चूक लेखकाची, सरदाराची की खिळे जुळवणाऱ्याची, यावर अभ्यासक वाद घालत आले आहेत. पोराच्या हातात त्यातला एकही रेआल पडत नाही. सरदार नजरेआड होताच मालक त्याला पुन्हा बांधतो आणि अर्धमेला होईपर्यंत मारतो. कित्येक प्रकरणांनंतर तोच आन्द्रेस रस्त्यात भेटतो. डॉन किहोते सगळ्यांसमोर आपल्या न्यायाची साक्ष म्हणून त्याला पुढे करतो आणि पोरगा म्हणतो, पुन्हा कधी मला कुणी तुकडे तुकडे करताना दिसलं, तरी मदतीला येऊ नका. सरदाराची मान खाली जाते. शपथ घेतली की माणूस ती पाळणारच, ही त्याची पुस्तकातून घेतलेली खात्री होती. तिची किंमत दुसऱ्याच्या पाठीने मोजली. या पानांवर मला हसू येत नाही, आणि सर्व्हान्तेसला ते यावं असं वाटत असेल यावर माझा विश्वास नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पहिल्या फेरीतून डॉन किहोतेला गावातला एक शेजारी गाढवावर घालून घरी आणतो. तो झोपलेला असताना गावचा पाद्री आणि न्हावी त्याच्या पुस्तकांचा निवाडा करतात. शंभरावर मोठे ग्रंथ. काही वाचवतात, बाकीचे अंगणात जाळले जातात. इथवर सगळ्यांना आठवतं. पुढे ते काय करतात ते बहुधा कुणी सांगत नाही. ग्रंथांच्या खोलीचं दार ते भिंत घालून बुजवून टाकतात. दोन दिवसांनी डॉन किहोते उठतो आणि पहिल्यांदा पुस्तकांकडे जातो. दार होतं तिथे भिंत आहे. तो हातांनी भिंत चाचपतो, इकडेतिकडे बघतो, काही बोलत नाही. बराच वेळ गेल्यावर तो कामवाल्या बाईला विचारतो, माझी पुस्तकांची खोली कुठे आहे? बाईला काय बोलायचं ते पढवून ठेवलेलं आहे. ती म्हणते, सैतानाने नेली. भाची तिला दुरुस्त करते: सैतान नव्हे, जादूगार होता. एका रात्री ढगावर बसून आला, सापावरून उतरला, खोलीत शिरला आणि घर धुराने भरून छपरातून निघून गेला. जाताना म्हणाला, या पुस्तकांच्या मालकाशी माझं छुपं वैर आहे.

डॉन किहोते लगेच त्या जादूगाराचं नाव ओळखतो. फ्रेस्तोन. आपला जुना वैरी.

जादूगार त्याला पुस्तकांतून माहीत होतेच. पण वैरी जादूगार आपल्या घरात शिरला आणि डोळ्यांसमोरची वस्तू नाहीशी करून गेला, याचा पुरावा त्याला शहाण्या, प्रेमळ घरच्यांनी दिला. भिंत खरी होती, हाताला लागत होती. पुढच्याच प्रकरणात पवनचक्कीच्या पात्याने तो घोड्यासकट भिरकावला जातो. सान्चो ओरडतो, मी सांगत होतो ना, या चक्क्या आहेत. तेव्हा डॉन किहोते उत्तर देतो की ज्या फ्रेस्तोनने माझी खोली आणि पुस्तकं चोरली, त्यानेच आता राक्षसांच्या चक्क्या केल्या. तर्क म्हणून पाहिलं तर त्यात खोट नाही. पुठ्ठ्याच्या शिरस्त्राणाची परीक्षा टाळावी लागत होती. आता टाळण्याची गरज उरली नाही. कुठल्याही पराभवाला पुरून उरेल असं उत्तर घरच्यांनीच त्याच्या हाती दिलं.

त्याला बरं करायला निघालेला प्रत्येक जण पुढे हेच करतो. पाद्री स्त्रीवेष चढवतो, मग लाजून तो न्हाव्याला देतो. शेवटी दोरोतेआ नावाची खरी संकटात सापडलेली मुलगी खोटी संकटग्रस्त राजकन्या बनते. सरायीत वाद पेटतो: एका दुसऱ्या न्हाव्याचं पितळी तस्त की माम्ब्रिनोचं सोन्याचं शिरस्त्राण, गाढवाचं खोगीर की घोड्याचं जीन? सगळ्या सभ्य मंडळींना खरं काय ते दिसतं आहे. तरी त्यांच्यातला डॉन फेर्नान्दो एकेकाच्या कानाशी लागून मतं गोळा करतो आणि बहुमताने निकाल देतो की हे जीनच आहे. ज्या गरीब न्हाव्याचं खोगीर गेलं तो रडकुंडीला येतो आणि त्याच्यावर सगळे हसतात. मग गुद्दागुद्दी होते.

१६१५ च्या दुसऱ्या भागात तर जगच बदललेलं आहे. पहिला भाग छापून घरोघर पोचला आहे. भेटेल त्याला डॉन किहोते कोण हे आधीच ठाऊक आहे, आणि त्याला कसं फसवायचं हेही. तो मात्र सरायीला सराय म्हणू लागला आहे. सान्चोला त्याचा आनंद होतो. दहाव्या प्रकरणात सान्चो एक मोठी लबाडी करतो. दुल्सिनेआला शोधायला मालकाने पाठवलेलं, आणि आपण मागे तिच्याकडे निरोप घेऊन गेलोच नव्हतो हे सांगायची सोय नाही. तेव्हा गाढवांवरून येणाऱ्या तीन खेडवळ पोरींपुढे तो गुडघे टेकून म्हणतो, ही पाहा राजकन्या दुल्सिनेआ. डॉन किहोतेही गुडघे टेकतो, डोळे फाडून बघतो. त्याला काय दिसतं? गोल चेहऱ्याची, नकट्या नाकाची एक शेतकरी पोर, आणि कच्च्या लसणाचा वास. पहिल्या भागात सान्चोला चक्की दिसायची आणि मालकाला राक्षस. इथे मालकाला खरी मुलगी दिसते आणि सान्चो तिच्या जागी राजकन्या उभी करतो. डॉन किहोते आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो आणि सान्चोच्या शब्दावरही, आणि या दोन्हींचा मेळ घालायला त्याच्यापाशी एकच उपाय आहे: फ्रेस्तोनची जातकुळी. भाचीची गोष्ट इथवर कामाला आली.

पुढे एका ड्यूक आणि डचेसच्या वाड्यावर या फसवणुकीला दरबारी रूप येतं. लाकडी घोडा, दाढीवाल्या दासी, सान्चोसाठी नकली राज्यपालपद, आणि दुल्सिनेआच्या सुटकेसाठी सान्चोने स्वतःला मारून घ्यायचे ३३०० फटके. नोकरचाकर, खर्च, तालमी, सगळं दोन माणसांची गंमत बघायला. व्लादिमिर नाबोकोव्हने हार्वर्डमधल्या व्याख्यानांत या क्रौर्याबद्दल पुस्तकाला कठोरपणे धारेवर धरलं. क्रौर्य आहे, यात शंका नाही. पण लेखकाने ते क्रौर्य म्हणूनच मांडलं आहे, असं माझं मत आहे. कादंबरीत या कथेचा मूळ अरबी इतिहासकार म्हणून सीदे आमेते बेनेन्खेली नावाचा माणूस कल्पिलेला आहे. वाड्यावरचा खेळ आटोपताना तोच स्पष्ट शब्दांत निवाडा देतो: चेष्टा करणारे चेष्टा होणाऱ्यांइतकेच वेडे, आणि दोन खुळ्यांची थट्टा करायला एवढी धडपड करणारे ड्यूक-डचेस स्वतः खुळे ठरायला फारसे दूर नाहीत.

या सीदे आमेतेचं हस्तलिखित तोलेदोच्या बाजारात सापडतं आणि एक मोरिस्को तरुण मनुके आणि गहू यांच्या मोबदल्यात ते स्पॅनिशमध्ये आणतो, असं पहिल्या भागात येतं. अनुवादातून जन्मलेल्या या पुस्तकाचा एक अनुवाद आपल्या पुण्यातून निघाला, हे इथल्या अनेकांना माहीत नसेल. अमेरिकन ग्रंथसंग्राहक कार्ल केलर यांच्या इच्छेवरून ऑरेल स्टाइन यांनी १९३० च्या दशकात काश्मीरच्या नित्यानंद शास्त्री आणि जगद्धर झाडू या दोन पंडितांकडून काही प्रकरणं संस्कृतात करवून घेतली. पंडितांपुढे मूळ स्पॅनिश नव्हतं, अठराव्या शतकातलं इंग्रजी भाषांतर होतं. ते संस्कृत भाषांतर २०१९ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पाली विभागाने प्रसिद्ध केलं.

पुन्हा त्या मोरिस्को तरुणाकडे येऊ. मोरिस्को म्हणजे बाप्तिस्मा दिलेले, मूळचे मुसलमान स्पॅनिश. १६०९ पासून पाच वर्षांत सुमारे तीन लाख मोरिस्कोंना स्पेनमधून हाकलून देण्यात आलं. सर्व्हान्तेस दुसरा भाग लिहीत होता ती हीच वर्षं. आणि त्या भागात सान्चोला रस्त्यावर जर्मन यात्रेकरूंचा जथा भेटतो. त्यातला एक जण त्याला मिठी मारतो. तो रिकोते असतो, त्याच्याच गावातला दुकानदार. हद्दपारीनंतर वेष पालटून तो परत आला आहे, गावाबाहेर पुरून ठेवलेला ऐवज काढायला. पकडला गेला तर जीव जाईल. दोघं गवतावर बसून दारू पितात, हाडं चघळतात, आणि रिकोते सांगतो की जिथे जाऊ तिथे आम्ही स्पेनसाठी रडतो. ऐवज काढायला मदत कर, २०० एस्कुदो देतो, असं तो म्हणतो. राजाच्या शत्रूला मदत करणं म्हणजे द्रोह, असं सांगून सान्चो नाही म्हणतो. पण तुला पकडूनही देणार नाही, असंही सांगतो.

या कादंबरीत पाद्री, न्हावी, गावातला पदवीधर कारास्को, ड्यूकचे कारभारी, सगळे वेष पालटतात, आणि सगळे मौजेसाठी किंवा कुणाला तरी ताळ्यावर आणण्यासाठी. रिकोतेला वेष घ्यावा लागतो तो आपल्या गावी यायला. राक्षस, जादूगार, मंतरलेली राजकन्या यांच्यापेक्षा अविश्वसनीय वाटणारी गोष्ट, म्हणजे शेजाऱ्याला एका फर्मानाने परका करणं, ही त्या काळात खरोखर घडत होती. तिच्यावर सर्व्हान्तेसने विनोद केला नाही. एका अरबी इतिहासकाराला कथेचा कर्ता नेमणारा लेखक त्या वर्षांत काय सोसत असेल, हे आपण ताडू शकतो.

बार्सेलोनाच्या किनाऱ्यावर कारास्को ‘शुभ्र चंद्राचा सरदार’ बनून डॉन किहोतेला पाडतो आणि वर्षभर गावी राहण्याची अट घालतो. म्हणजे शेवटचा इलाजही सोंगानेच होतो. घरी पोचल्यावर त्याला ताप येतो. सहा दिवसांनी तो झोपेतून उठतो तेव्हा शहाणा असतो. मी आता डॉन किहोते नाही, आलोन्सो किहानो आहे, असं तो सांगतो. मृत्युपत्र करतो. भाचीने वीरकथा वाचणाऱ्याशी लग्न केलं तर तिला काही मिळणार नाही, असं कलम घालतो. आणि ज्यांनी त्याला ताळ्यावर आणायला आयुष्य वेचलं ते गडबडतात. कारास्को म्हणतो, अहो, दुल्सिनेआची सुटका झाल्याची बातमी आली आहे. सान्चो रडत विनवतो, मरू नका धनी, मेंढपाळ होऊन रानात जाऊ, एखाद्या झुडपामागे दुल्सिनेआ सापडेलही. तीन दिवस घरात धावपळ चालते, तरी भाची जेवत होती, कामवाली बाई पेला उंचावत होती आणि सान्चो खुशीत होता, कारण वारशात काही मिळणार असलं की दुःख थोडं हलकं होतं, असं सर्व्हान्तेस लिहितो. या तिघांचंही त्याच्यावर मनापासून प्रेम होतं. तेही खरं आणि जेवणही खरं, दोन्ही एकाच वाक्यात ठेवायला तो कचरत नाही.

ज्यांना हे पुस्तक हाती घ्यायचं आहे त्यांना माझी एक विनंती आहे. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नका, कारण तिच्यात दुसरा भागच गळलेला असू शकतो. संपूर्ण भाषांतर मिळवा. आणि सुरुवात पवनचक्क्यांपासून करायची असेल, तर एक प्रकरण मागे जा आणि ती भिंत बांधली जात असताना तिथे उपस्थित राहा.